पहिले तीन कोरे

माझ्या मामाला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्याला जरामास्तर म्हणतात. समोर माणूस बसला की मामा कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाच्या आतून सुरू होतो, मान जरा डावीकडे, अजून जरा, आता हनुवटी जरा खाली, खांदा जरा सैल. एकदा एका पोलीस अधिकाऱ्याला त्यानं इतक्या वेळा जरा म्हटलं की तो वैतागून म्हणाला, मास्तर, मी चोरांना उभं करतो, पण असा छळ मी चोराचाही केलेला नाही. आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. मामानं तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो अजून त्या अधिकाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत आहे, आणि त्यातला माणूस त्याच्या हाताखालच्या शिपायांनी पाहिला तर त्यांना ओळखू येणार नाही.

मी मामाच्या बहिणीची मुलगी. शाळेतली नोकरी मी मुख्याध्यापकांशी भांडून सोडली, तेव्हा आई म्हणाली की दोन महिने मामाकडे जा, डोकं थंड होईल. त्याला आता अकरा वर्षं झाली. डोकं काही थंड झालं नाही, काम मात्र हाताला लागलं. अंधारात चाचपून होल्डरमध्ये फिल्म भरणं, फिल्म धुणं, फोटो वाळत घालणं आणि मामाला त्याचा चष्मा शोधून देणं, ही माझी कामं.

स्टुडिओ घड्याळजीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. उत्तरेला एक उंच खिडकी, चाकांच्या स्टँडवरचा एकच मोठा दिवा, मागे राखाडी पडदा आणि उजेड परतवायला एक पांढरं रंगवलेलं जुनं दार. हे दार आम्ही कडेला उभं करतो. खिडकीचा उजेड एका गालावर पडतो, दार त्यातला थोडा दुसऱ्या गालावर पाठवतं. दार जवळ आणलं की सावली फिकी होते, लांब नेलं की गडद. एवढ्या भांडवलावर मामानं एकतीस वर्षं काळेपांढरे फोटो काढले. रंगीत तो काढत नाही. रंग असला की लोक आधी शर्ट बघतात आणि वेळ उरला तर माणूस, असं त्याचं म्हणणं आहे. दिवा समोरून मारायचा नाही, चेहरा ताटासारखा सपाट येतो. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका आलाच पाहिजे, नाहीतर डोळे विझलेले दिसतात. आणि माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला फोटोत मोकळी जागा सोडायची. नजरेलासुद्धा हातपाय पसरायला जागा लागते, असं तो आल्यागेल्याला ऐकवतो.

बेकरीवाला आला तेव्हा हात धुऊन, केस चापून बसवून आला होता. मामानं त्याला परत पाठवलं आणि कामातून उठून तसाच ये म्हणून सांगितलं. तो पिठाच्या हातांनी आला. मामानं दिवा बाजूला, अगदी खाली उतरवला, हात पुढे घेतले, आणि पिठातल्या बोटांची प्रत्येक रेघ दिसली. वकिलांच्या टकलावर दिवा चमकायला लागला, तर त्यांना पावडर लावायला नको म्हणून मामानं दिव्याचं तोंडच भिंतीकडे फिरवलं आणि भिंतीवरून येणाऱ्या मऊ उजेडात त्यांना बसवलं. वकील त्या फोटोवर इतके खूश झाले की पुढचे सहा महिने त्यांनी टोपी घातली नाही.

पण मामाची खरी युक्ती उजेडात नाही. त्याचं म्हणणं असं की फोटो काढायला येणारा प्रत्येक माणूस एक तोंड घरून घेऊन येतो. आरशासमोर बसवून बघितलेलं, जरा जास्तच शहाणं असं तोंड. ते गळून पडल्याशिवाय खालचं दिसत नाही, आणि ते गळायला दोन-तीन क्लिक लागतात. म्हणून मामा पहिले तीन फोटो कोरे काढतो. होल्डर कॅमेऱ्यात घालतो, उजेड अडवणारी त्याची पट्टी ओढतो, गंभीर होतो, श्वास रोखायला सांगतो आणि क्लिक करतो, पण आत फिल्म नसते. तीनदा असं झालं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, खांदे खाली येतात, आणि चौथ्याला मामा खरा होल्डर घालतो. आमचे होल्डर जुने, एकात एकच फिल्म मावते. कोऱ्या होल्डरला ओळखायची खूण म्हणून मी कडेला पांढरा दोरा बांधते. गिऱ्हाइकाला त्या दोऱ्याचा अर्थ माहीत नसतो, आणि आम्ही सांगत नाही.

माहीत होता फक्त मामीला, आणि इथेच सगळं घोडं पेंड खायचं.

मामी म्हणजे आमच्याकडची टचिंगवाली. फोटो छापला की त्यावर धुळीचे बारीक पांढरे ठिपके राहतात. ते बुजवायला खिडकीशी बसून, तीन केसांच्या कुंचल्यानं, शाईत पाणी मिसळून नेमकी राखाडी छटा करून टेकवावी लागते. मामी ते करते आणि करता करता फोटोतल्या माणसाची खबर घेते. कधी म्हणते, या बाईनं भाऊ सोडून कुणावर प्रेम केलेलं नाही. कधी, हा गृहस्थ पोट आत ओढून बसलाय, दोन मिनिटांत मरेल. तिचे अंदाज नव्याण्णव टक्के खरे निघतात, आणि उरलेला एक टक्का ती मान्य करत नाही. मामाच्या सगळ्या युक्त्या तिला पाठ. तो विनोद सांगणार, तर शेवट हीच आधी सांगणार. तो मुद्दाम चष्मा विसरल्याचं नाटक करणार, तर ही म्हणणार, कपाळावर आहे.

लग्नानंतर सहा महिन्यांनी एक गोष्ट घडली होती. ती मला दोघांनीही सांगितली आहे, वेगवेगळी, आणि नवल म्हणजे दोघांची जुळते. मामी जिन्यात बसून माहेरचं पत्र वाचत होती आणि वाचता वाचता तिचे डोळे भरले. मामानं वरून फोटो काढला. तिला कळलं नाही. फोटो सुरेख आला, त्यानं तो मोठा केला आणि खाली रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात लावला. मामी भाजी घेऊन परत आली तेव्हा दोन अनोळखी माणसं तिच्या रडण्याकडे निवांत बघत उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, कपाट उघडून फोटो काढला, वर गेली आणि म्हणाली, हे माझं होतं, मला विचारलं नाहीत. मामानं तिच्यासमोर कात्रीनं त्या निगेटिव्हचे तुकडे केले आणि कानाला खडा लावला. न विचारता पुन्हा तिचा फोटो काढणार नाही, असा शब्द दिला.

तेव्हापासून दर वर्षी, स्टुडिओ उघडला त्या तारखेला, तो तिला रीतसर विचारून खुर्चीत बसवतो. एकतीस वर्षांचे फोटो एका खोक्यात आहेत, आणि खोटं कशाला बोलू, सगळे ओळखपत्रावर चिकटवायच्या लायकीचे. उजेड अप्रतिम, मान बरोबर, डोळ्यांत ठिपके, आणि मध्ये मामी मख्ख. सगळ्या जगाचं तोंड उघडून दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचं तोंड काही काढता येत नाही, यावरून शेजारचा न्हावी, घड्याळजी आणि बेकरीवाला यांची आठवड्याची करमणूक व्हायची. मामा त्यांच्याबरोबर हसायचा आणि वर येऊन ते खोकं उघडून बसायचा.

मागच्या वर्षी ग्रंथालयाची नवी इमारत झाली आणि ग्रंथपालबाई जिना चढून आल्या. आतल्या लांब भिंतीवर मामाचे चाळीस फोटो कायमचे लावायचे, असं त्यांच्या मंडळानं ठरवलं होतं. मामाला आयुष्यात कुणी साधा हार घातलेला नव्हता. तो बाईंना चहा विचारायला विसरला, मग दोनदा विचारला. पुढचे पंधरा दिवस तो दुपारी जेवण झालं की गायब व्हायचा. एकदा मी मागोमाग गेले, तर हा ग्रंथालयात त्या उघड्या भिंतीसमोर उभा राहून वितीनं अंतर मोजत होता. मला बघून म्हणाला, उजेड बरा आहे इथे. नवे बूटही आणले होते त्यानं.

एकोणचाळीस फोटो त्यानं दोन दिवसांत निवडले. बेकरीवाला, वकील, पोलीस अधिकारी, एका कानानं बहिरा असलेला निवृत्त पोस्टमन, दात न दाखवणारा दाताचा डॉक्टर. यादी भिंतीवर लावली, आणि चाळिसाव्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ग्रंथपालबाईंना त्यानं सांगून टाकलं की चाळिसावा फोटो बायकोचा असेल, आणि तो नीट झाला नाही तर भिंत तुमची तुम्हाला परत. मी त्याला समजावलं, मी त्याच्याशी भांडले, मी त्याला हेकट म्हटलं. तो म्हणाला, सगळ्यांची तोंडं लावून हिचंच नाही लावलं, तर मी तिथे उभा कुठल्या तोंडानं राहू? मामीला हे कळलं तेव्हा तिनं कुंचला खाली ठेवला. मग म्हणाली, बसेन मी, हवं तितक्या वेळा.

हवं तितक्या वेळा बसून भागणार नव्हतं. आमच्या कॅमेऱ्याच्या मापाची फिल्म बनवणं कंपनीनं बंद केलं होतं आणि आमच्याकडच्या शेवटच्या खोक्यात आठ उरल्या होत्या. पहिल्या दिवशी तीन गेल्या. मामानं दिवा बदलला, दार लांब नेलं, सावली गडद केली. मामी मख्ख. दुसऱ्या खेपेला त्यानं तिच्या धाकट्या बहिणीला गप्पा मारायला आणून बसवलं. बहीण पोटभर हसली, मामी मख्ख. आणखी दोन गेल्या. तीन राहिल्या आणि भिंतीवर फोटो लागायला चार दिवस राहिले. मामाला जेवण जाईना. यादीपुढे उभं राहून तो प्रश्नचिन्ह पुन्हा पुन्हा गिरवत होता.

मी त्या दोन्ही वेळा पांढरं दार धरून उभी होते, मामीपासून चार हातांवर, आणि मला एक गोष्ट दिसली होती. पहिल्या तिन्ही क्लिकला मामी मख्ख नव्हती. मुळीच नव्हती. दोऱ्याचा होल्डर दिसला की तिला माहीत असायचं, आत काही नाही. ती सैल बसायची आणि तिच्या तोंडावर असं काही यायचं की दार धरलेलं असताना माझं लक्ष दारावरून उडायचं. बिनदोऱ्याचा होल्डर आत गेला की झालं, दुकानाचं शटर खाली. बाकीच्यांचं घरून आणलेलं तोंड पहिल्या तीन कोऱ्यांत गळायचं. मामी ते चौथ्यापासून चढवायची.

मला वाटलं, इतक्या वर्षांत हे फक्त मला दिसलं. शाळेत नोकरीला असतानापासून मला असंच वाटत आलं आहे, आणि त्यापायी मी तिथेही तोंडघशी पडले होते. शेवटच्या खेपेच्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीत शिरून मी उरलेल्या तिन्ही फिल्म भरल्या आणि त्या होल्डरना दोरा बांधला. बिनदोऱ्याचे तीन कोरे ठेवले. मामाला सांगितलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं. म्हणून सांगितलं नाही. मी हे त्याच्या भल्यासाठी करते आहे, असं मी स्वतःला निदान दहा वेळा सांगितलं.

त्या दिवशी मामानं दिवा विझवूनच टाकला. नुसती खिडकी ठेवली, दार मला हातभर मागे घ्यायला लावलं आणि मामीला पडद्यापासून पुढे ओढून तिरकं बसवलं, म्हणजे मागचा पडदा काळोखात जाईल आणि फक्त कपाळ, एक गाल आणि मांडीवरचे हात उजेडात राहतील. मग पहिला होल्डर घातला, दोऱ्याचा. पट्टी ओढली. बटणाची तार हातात घेऊन तो कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. नव्या बुटांपैकी एकाची नाडी सुटली होती. मामीनं ती पाहिली. तिनं वर त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली नाही, पण हसण्याच्या अलीकडे येऊन थांबली. भाजी आणायला गेलेला माणूस नेहमीसारखा अर्धी भाजी विसरून आला तर दार उघडताना बाईचं जे तोंड होतं, ते. चिडायचं ठरवलेलं आणि आतून फार बरं वाटलेलं. क्लिक झालं.

दुसरा झाला, तिसरा झाला. मग बिनदोऱ्याचा आत गेला आणि मामी ओळखपत्राची झाली. तीनही वेळा. मामानं कापडानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, पाचवा त्यातल्या त्यात बरा असेल, संध्याकाळी धू. त्याच्या आवाजात काही राहिलेलं नव्हतं. मी होल्डर गोळा करून निघाले. पाचव्यात काय आहे ते मला माहीत होतं.

धुण्याआधी मी मामीकडे गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेले. ती स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. मी सगळं सांगितलं, भरभर, आणि शेवटी म्हटलं की मामी, तुमचं गुपित मी पकडलं. तिनं नळ बंद केला.

"गुपित कसलं?" ती म्हणाली. "पहिल्या तीनला मी त्यांच्याकडे बघते. चौथ्यापासून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांकडे बघावं लागतं. दोन्हीला एकच तोंड कसं चालेल?"

"पण मामाला हे माहीत तरी आहे का?"

तिनं मला विचारलं की बेकरीवाल्याचे तीन कोरे उरकायला किती वेळ लागला होता. मी म्हटलं, दोन मिनिटं. आणि माझे किती वेळ चालतात, तिनं विचारलं. मामीचे तीन कोरे वीस-वीस मिनिटं चालायचे. मामा तार हातात धरून नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, बिचारा घाबरतो. इतकी वर्षं मी ते दार धरून हात अवघडून घेत होते, आणि समोर काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. त्या कोऱ्या क्लिकांसाठीच तो दर वर्षी तिला बसवत होता, आणि त्यासाठीच ती बसत होती. ते तीन ती त्याला द्यायची. त्यात फिल्म नव्हती हीच त्यातली गोष्ट होती, आणि मी शहाणीनं नेमकी तिथे फिल्म भरली होती.

मी म्हटलं, आत्ता उघडून उजेडात धरते, जळून जाऊ देत. मामीनं हात पुसले आणि म्हणाली, तू आता स्वतःच्या डोक्यानं काहीही करू नकोस, ते होल्डर घे आणि चल.

मामा यादीसमोर खुर्ची घेऊन बसला होता. मामीनं त्याला एका वाक्यात सांगितलं की भाचीनं दोऱ्याच्या होल्डरमध्ये फिल्म भरली होती. घरातली चिडकी म्हणजे मी. मामाला चिडताना मी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो चिडलाय हे कळायला मला वेळ लागला. तो ओरडला नाही. उठला, माझ्या हातातून तिन्ही होल्डर घेतले आणि खिडकीशी गेला. मी म्हटलं, मामा, चूक माझी. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टीवर त्याचं बोट होतं. ती अर्धी वीत ओढली असती तर संपलं असतं, फोटोही आणि ग्रंथालयाची भिंतही, कारण बाकीचे तीन होल्डर रिकामे होते हे त्यालाही आता कळलं होतं.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला.

"तुमचा शब्द तुम्ही नाही मोडलात, हिनं मोडला," मामी म्हणाली. "ठेवा ते खाली."

त्यानं ठेवले नाहीत. भिंत गेली तर गेली, असं काहीतरी तो पुटपुटला.

"अहो, मग विचारा ना. दर वर्षी म्हणता, बस, फोटो काढतो. मी बसते. ते पहिले तीन मिळतील का, हे एकदा तरी विचारलंत?"

मामा खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस तर? मग पुढच्या वर्षी कोऱ्यांतसुद्धा तू तशी बसली नसतीस. मला तेही गमवायचे नव्हते."

मामी तिथेच, फोटोला बसायच्या खुर्चीत बसली आणि पदर डोळ्यांना लावला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मला ऐकू आलं ते एवढंच.

"देशील?"

"एक. कुठला ते मी सांगेन. बाकीचे दोन घराबाहेर जाणार नाहीत."

फिल्म धुवायला मी नको म्हणाले. मामी म्हणाली, भरल्यास तू, धुवायच्याही तूच. मी धुतल्या, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढल्या, पाण्यातून काढल्या आणि चिमट्यांनी तारेवर टांगल्या. तिघंही खोलीच्या तीन कोपऱ्यांत उभे होतो. मामा पुढे येईना. मामीनं भिंग घेऊन तिन्ही निगेटिव्ह पाहिल्या, दुसरीशी जास्त वेळ थांबली, तिसरीशी त्याहून जास्त, आणि पहिलीवर बोट ठेवलं. फोटो छापल्यावर त्यावर गालाशेजारी धुळीचे चार ठिपके होते. ते तिनं स्वतः बुजवले आणि म्हणाली, ही बाई बरी दिसते, पण नवऱ्याला बोलणार आहे.

ग्रंथालयात चाळीस फोटो लागले. खाली प्रत्येकाचा धंदा लिहिला आहे, बेकरीवाला, वकील, पोस्टमन. चाळिसाव्याखाली काय लिहायचं ते मामानं विचारलं. हल्ली तो सगळंच विचारतो, आमटीत मीठ घालू का तेही. मामीनं सांगितलं, टचिंगवाली, आणि तसंच लिहिलं आहे. पहिल्या दिवशी न्हावी, घड्याळजी आणि बेकरीवाला त्या फोटोसमोर येऊन उभे राहिले. तिघांनी थट्टेची तयारी करून ठेवलेली असणार. एकानंही तोंड उघडलं नाही. मामा आपल्या बुटांकडे बघत उभा होता, मामी लोकांकडे बघत होती, आणि तिचं तोंड अर्थातच मख्ख होतं.

या वर्षी स्टुडिओच्या तारखेला मामानं मामीला पुन्हा बसवलं. फिल्म संपली आहे, दुसरी मिळाली नाही. सगळेच होल्डर कोरे. मी दोरे सोडून टाकले, दार भिंतीला टेकवलं आणि खाली घड्याळजीकडे जाऊन बसले. सव्वा तास वरून क्लिकचे आवाज येत होते.

हे लिहायच्या आधी मी मामीला विचारलं. ती म्हणाली, लिही, सगळं लिही, मी काय कुणाला घाबरते? मग दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली की दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत काय आहे ते मात्र लिहायचं नाही. मी बरं म्हटलं. ते दोन्ही मी स्वतः धुतले, स्वतः छापले, आणि ते कसे आहेत ते मला कायम लक्षात राहील. पण तिनं नको म्हटलं आहे.